शब्द थांबतात तेव्हा कोण बोलतं? किंग क्रिम्झनच्या वाद्यरचना, १९७३-७४

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. ध्वनिमुद्रण जिथे ऐकवलं तिथे कंसात नोंद केली आहे.)

आज आपण किंग क्रिम्झन या इंग्लिश बँडच्या इन्स्ट्रुमेंटल रचनांबद्दल, म्हणजे ज्यात गाणं नाही, नुसती वाद्यं आहेत अशा रचनांबद्दल बोलणार आहोत. हा बँड १९६९ पासून थांबत, पुन्हा सुरू होत, माणसं बदलत पाच दशकं चालला. ते सगळं एका व्याख्यानात मावणार नाही. म्हणून दोनच वर्षं घेऊ, १९७३ आणि १९७४. या दोन वर्षांत बँडचे तीन स्टुडिओ अल्बम आले : 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक', 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' आणि 'रेड'. तिन्हींत मिळून १९ रचना आहेत आणि त्यातल्या ९ रचनांत कोणीही गात नाही. जवळजवळ निम्म्या. बँडकडे जॉन वेटनसारखा भरदार आवाजाचा गायक होता, गीतं लिहून देणारा माणूस होता, आणि तरीही निम्म्या रचना बिनशब्दांच्या. हे का, असा प्रश्न पडायला हवा.

प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या इन्स्ट्रुमेंटलबद्दल साधारण दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे ही भरती आहे. गाणी कमी पडली, अल्बमची बाजू भरायची होती, म्हणून वाजवत बसले. दुसरं मत म्हणजे ही कसरत आहे. आमची बोटं बघा किती वेगात चालतात. दोन्ही मतांना आधार आहे, तो नाकारायचं कारण नाही. त्या काळात भरतीही झाली आणि कसरतीही झाल्या. पण या ९ रचना नीट ऐकल्या तर तिसरीच गोष्ट दिसते. गायक असतो तेव्हा बँडमध्ये कोण पुढे आणि कोण मागे, हे आपोआप ठरलेलं असतं. शब्द गेले की ते ठरलेलं राहत नाही. मग कोणी बोलायचं, कोणी ऐकायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे वाजवणाऱ्यांनाच ठरवावं लागतं. आमचं म्हणणं असं की किंग क्रिम्झनच्या या वाद्यरचना म्हणजे त्या ठरवण्याची परीक्षा आहे. या परीक्षेत बँड एकदा फार सुंदर पास झाला, आणि नंतर, सगळ्यांत ताकदवान संगीत करत असताना, थोडा नापासही झाला. ते कसं, ते बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिला अल्बम ऑक्टोबर १९६९ चा, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग'. त्या पहिल्या संचात पीटर सिनफील्ड नावाचा माणूस होता. त्याचं मुख्य काम गीतं लिहिणं. एखाद्या बँडमध्ये गीतकाराला सभासद म्हणून जागा असणं हीच केवढी गोष्ट! म्हणजे तो बँड शब्दांना केवढं मोठं मानत होता बघा. १९७२ च्या सुरुवातीला सिनफील्ड गेला. त्याच वर्षी गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने संपूर्ण नवा संच उभा केला. बेस आणि गायन जॉन वेटन, व्हायोलिन डेव्हिड क्रॉस, ड्रम्सवर बिल ब्रुफर्ड आणि तालवाद्यांवर जेमी म्यूअर. ब्रुफर्ड तेव्हा 'येस' या यशस्वी बँडमधून बाहेर पडून इथे आला होता. म्यूअर मुक्त इम्प्रोव्हायझेशनच्या वर्तुळातला. आवाज ज्यातून निघेल ते वाद्य, अशा वृत्तीचा. गीतं आता रिचर्ड पामर-जेम्स लिहू लागला, पण तो बँडच्या बाहेरून. शब्द घरातून उठून दाराबाहेर गेले, असं म्हणा ना.

आता पहिली रचना, 'लार्क्स टंग्ज इन अ‍ॅस्पिक, भाग १'. साडेतेरा मिनिटांची आहे. आपण सुरुवात ऐकू.

(इथे सुरुवातीची तीन मिनिटं ऐकवली.)

काय ऐकलं आपण? रॉक बँडचा अल्बम लावलाय आणि पहिली काही मिनिटं गिटार नाही, ड्रम्सचा ठेका नाही. अंगठ्यांनी छेडायचं आफ्रिकी वाद्य आहे, आजूबाजूला घंटांसारखे नाद आहेत. मग व्हायोलिन येतं, तेही तुटक, दबक्या आवाजात. आणि त्यानंतर गिटार अंगावर येते. पुढे काय होतं ते घरी पूर्ण ऐका. मधे एक जागा आहे जिथे सगळा गोंगाट ओसरतो आणि व्हायोलिन जवळजवळ एकटं उरतं. या जागेला फार महत्त्व आहे, तिच्याकडे आपण परत येणार आहोत. शेवटाकडे माणसांचे बोलण्याचे आवाज येतात, एकात एक मिसळलेले, रेडिओवरचं नाटक शेजारच्या खोलीत लागलेलं असावं तसे. बोलणं आहे, पण शब्द हाती लागत नाहीत. बिनशब्दांच्या रचनेत माणसाचं बोलणं आणलं, आणि त्यालाही नाद करून टाकलं. आमच्या मते पुढच्या दोन वर्षांचा जाहीरनामा इथे ऐकू येतो.

याच अल्बमची दुसरी बाजू संपते ती दोन जोडलेल्या वाद्यरचनांनी. आधी 'द टॉकिंग ड्रम', तिला लागून 'भाग २'. 'द टॉकिंग ड्रम' समजायला आपल्याकडच्या श्रोत्याला अवघड नाही. तबल्याचं एकल वादन आठवा. पेटीवाला किंवा सारंगिया लेहरा धरतो, तीच ओळ आवर्तनामागून आवर्तन वाजत राहते आणि तिच्या आधारावर तबलजी बढत करतो. इथे लेहऱ्याचं काम वेटनचा बेस करतो. एकच ओळ, न ढळता. तिच्यावर आधी व्हायोलिन, मग गिटार. सुरुवातीला आवाज इतका बारीक असतो की ऐकणारा हमखास व्हॉल्यूम वाढवतो. सात मिनिटं चढण चालू राहते, शेवटी किंचाळ्यांसारखा आवाज फुटतो आणि क्षणात 'भाग २' सुरू. व्हॉल्यूम वाढवून ठेवलेला असतोच आपण! (हशा)

'भाग २' पाच मात्रांच्या हिशोबात आहे. दुप्पट मोजलं तर दहा होतात. झपतालाची सवय असलेल्यांनी मोजून बघावं. दहा मिळतील, पण खंड झपतालाचे मिळणार नाहीत, आणि पाय चुकत राहतील. फरक आणखी एक आहे, तो जास्त महत्त्वाचा. 'भाग १' आणि 'द टॉकिंग ड्रम' यांचं श्रेय पाचही जणांच्या नावे आहे. 'भाग २' एकट्या फ्रिपच्या नावे. ऐकतानाही हे जाणवतं. पहिल्या दोन रचनांत पाच माणसं एकमेकांना वाट देत चाललेली आहेत. तिसरीत एका माणसाने आराखडा आखलाय आणि बाकीचे तो पार पाडतायत, अर्थात जबरदस्त ताकदीने. म्हणजे एकाच अल्बमवर बिनशब्दांच्या संगीताच्या दोन जाती आहेत. एक सगळ्यांनी मिळून शोधलेली, एक एकाने लिहिलेली. पुढची सगळी कहाणी या दोन जातींमधल्या ओढाताणीची आहे.

मार्च १९७३ मध्ये अल्बम बाजारात आला, त्याच्या आधीच म्यूअर बँड सोडून गेला होता. तो स्कॉटलंडमधल्या एका बौद्ध मठात जाऊन राहिला. उरले चौघं. आणि चौघांनी त्या वर्षी युरोप-अमेरिकेत भरपूर कार्यक्रम केले. त्यात रोज काही भाग असा असे की काय वाजवायचं ते ठरलेलंच नसे. राग ठरलेला नाही, ताल ठरलेला नाही, कोणी सुरू करायचं तेही ठरलेलं नाही. आपल्या मैफलीतही उपज असते, पण तिथे रागाची चौकट असते. इथे चौकटही त्याच क्षणी बांधायची.

आता आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशी आलो. २३ नोव्हेंबर १९७३, अ‍ॅम्स्टरडॅमचं कॉन्सर्टखेबाउ सभागृह. हे पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी बांधलेलं सभागृह, ध्वनीसाठी जगात नावाजलेलं. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण झालं आणि त्यातले काही भाग पुढच्या वर्षीच्या 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' या अल्बमवर आले. त्यातला एक भाग म्हणजे 'ट्रिओ'.

(इथे 'ट्रिओ' पूर्ण ऐकवलं, सुमारे साडेपाच मिनिटं.)

नाव 'ट्रिओ', म्हणजे त्रयी. बँड चौघांचा. व्हायोलिनवर क्रॉस, बेसवर वेटन, आणि फ्रिप गिटार सोडून मेलोट्रॉनवर, बासरीच्या आवाजात. मेलोट्रॉन म्हणजे एक विचित्र यंत्र आहे. दिसतं कीबोर्डसारखं; प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एक तुकडा, त्यावर खऱ्या वाद्याचा सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते. आठेक सेकंदांत फीत संपते आणि सूर तुटतो. मग बोट उचलावं लागतं. म्हणजे या यंत्रालाही माणसासारखा दम लागतो. 'ट्रिओ'मधली ती बासरी मधूनमधून थांबते, श्वास घेतल्यासारखी वाटते, त्यात या यंत्राच्या मर्यादेचाही वाटा आहे.

आणि चौथा? ब्रुफर्ड तिथेच होता, मंचावर, ड्रम्सच्या मागे. काठ्या छातीशी आडव्या धरून बसून होता. योग्य क्षणाची वाट बघत होता, आणि तो क्षण आलाच नाही, किंवा असं म्हणू की त्याने तो आणला नाही. साडेपाच मिनिटं एकही ठोका नाही. पुढे अल्बम आला तेव्हा रचनेचं श्रेय चौघांनाही दिलं गेलं. न वाजवणाऱ्यालाही! आणि १९७५ च्या संकलनात तर त्याचा वाटा म्हणून त्याच्या संयमाची नोंद छापली गेली.

आता आपल्याकडचा रसिक म्हणेल, यात काय विशेष? आलाप चालू असताना आमचा तबलजी अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसतो. खरं आहे. पण त्याचं थांबणं परंपरेने ठरवून दिलेलं आहे. विलंबित बंदिश सुरू झाली की त्याने वाजवायचं हेही ठरलेलं आहे. ब्रुफर्डला असं कोणी सांगितलेलं नव्हतं. रॉकच्या मंचावर ड्रमरने न वाजवणं म्हणजे जवळजवळ कामचुकारपणा. शिवाय तो गप्प बसणारा वादक नव्हेच. त्याची सगळी कीर्ती गुंतागुंतीच्या, सतत काहीतरी सांगणाऱ्या तालाची. अशा माणसाने त्या क्षणी ओळखलं की आपण एक ठोका मारला तर हे मोडेल. त्या न वाजवण्यामुळे व्हायोलिन ऐकू आलं. 'भाग १'मधली ती जागा आठवा, जिथे व्हायोलिन एकटं उरतं. तिथे ती शांतता रचनेत आधीच ठेवलेली होती. 'ट्रिओ'मध्ये तीच शांतता चार माणसांनी उभ्या उभ्या, लोकांसमोर घडवली. आम्ही सुरुवातीला जिला परीक्षा म्हटलं, ती ही. इथे बँड पास झाला.

याच कार्यक्रमातली दुसरी रचना 'फ्रॅक्चर'. ही फ्रिपने लिहिलेली, ११ मिनिटांची, अल्बमच्या शेवटी येते. 'ट्रिओ'च्या अगदी उलट टोक. मधला मोठा भाग असा की गिटार थांबतच नाही. समान लयीत, बारीक आवाजात, एकामागून एक सूर, श्वासाला जागा नाही. वेगवान वाजवणं आणि जोरात वाजवणं हे बहुतेकांना एकत्र जमतं. वेगवान आणि हळू आवाजात, सलग, प्रेक्षकांसमोर, हे कठीण. फ्रिप तर स्टुलावर बसून वाजवतो, रॉक गिटारवादकाचा अभिनय काही नाही. मग शेवटी स्फोट होतो. आम्हाला 'फ्रॅक्चर' थोर वाटतं, पण वेगळ्या कारणासाठी. 'ट्रिओ'त चौघं एकमेकांना ऐकतात. 'फ्रॅक्चर'मध्ये एक माणूस स्वतःला किती ताब्यात ठेवू शकतो ते ऐकू येतं, आणि बाकीचे तिघं त्या ताब्याला धरून चालतात. कसरत आणि साधना यांतला फरक कुठे असतो, असं विचाराल तर आमच्या मते इथे आहे. कसरतीत अवघड जागा दाखवली जाते. इथे ती जवळजवळ लपवली आहे.

आता एक वादाचा मुद्दा. 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'च्या आठ रचनांपैकी पूर्णपणे स्टुडिओत झालेल्या फक्त पहिल्या दोन. बाकी सगळ्याचा पाया जिवंत कार्यक्रमांत आहे. पण टाळ्या, प्रेक्षकांचे आवाज काढून टाकलेले आहेत. अल्बम घेणाऱ्याला कळतच नव्हतं की कुठलं लिहिलेलं आणि कुठलं सुचलेलं. अ‍ॅम्स्टरडॅमचा कार्यक्रम स्वतंत्रपणे बाजारात आला तो थेट १९९७ मध्ये, 'द नाइट वॉच' या नावाने. ही फसवणूक नाही का? काही अंशी आहे. ज्या संगीताची खरी किंमत ते त्या क्षणी सुचलं यात आहे, त्याची जन्मखूणच पुसली. पण दुसरी बाजूही आहे. 'हे उत्स्फूर्त आहे' असं आधी सांगितलं की आपण श्रोते सूट देतो. चाचपडणं गोड मानून घेतो. टाळ्या काढून टाकल्यामुळे 'ट्रिओ'ला ती सूट मिळाली नाही, लिहिलेल्या रचनेशेजारी उभं राहावं लागलं, आणि ते उभं राहिलं. त्याच अल्बमवरची शीर्षकाची रचना, तीही सुचलेलीच, नऊ मिनिटांची, तिच्या पूर्वार्धात मात्र चाचपडणं लपत नाही. म्हणजे टाळ्या काढल्याने कमजोर जागाही उघड्या पडल्या. हिशोब आम्हाला प्रामाणिक वाटतो.

आता तिसरा अल्बम, 'रेड'. १९७४ च्या उन्हाळ्यात काय झालं होतं? कार्यक्रम जसे मोठे होत गेले तसा वेटनचा बेस आणि ब्रुफर्डचे ड्रम्स यांचा आवाज वाढत गेला. फ्रिपची गिटार त्याला तोंड देऊ शकत होती. व्हायोलिन देऊ शकत नव्हतं. विजेवर मोठं केलं तरी व्हायोलिनचा बारकावा त्या गदारोळात राहत नाही. १ जुलै १९७४ ला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये दौरा संपला आणि क्रॉस बँडमधून गेला. 'रेड'च्या मुखपृष्ठावर तीनच चेहरे आहेत. क्रॉसचं व्हायोलिन अल्बमवर एकाच रचनेत आहे, 'प्रॉव्हिडन्स'मध्ये. तीही आदल्या दिवशीच्या, ३० जूनच्या कार्यक्रमातली सुचलेली रचना, त्या शहराच्या नावाने. लक्ष देऊन ऐका. सुरुवातीला व्हायोलिन एकटं आहे, जागा आहे. मग बेस आणि ड्रम्स येतात, आणि हळूहळू व्हायोलिन कुठे गेलं ते शोधावं लागतं. 'ट्रिओ'नंतर अवघे सात महिने झाले होते.

आणि 'रेड' ही शीर्षकाची वाद्यरचना? फ्रिपची, सहा मिनिटांची. गिटार, बेस, ड्रम्स. पोलादी. पुढच्या पिढीच्या जड संगीताची सगळी बीजं हिच्यात दिसतात. ही रचना थोर नाही असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तिची ताकद कुठून आली हे सांगायला हवं. या रचनेत थांबून कोणाला जागा द्यायची गरजच उरलेली नाही, कारण ज्याला जागा लागत होती तो निघून गेला आहे.

'स्टारलेस' तर हे आणखी स्पष्ट सांगते. हे तांत्रिकदृष्ट्या गाणं आहे, पण १२ मिनिटांपैकी गाणं पहिल्या साडेचार मिनिटांतच संपतं. पुढे सगळी वाद्यं. (नावाचा गोंधळ नको. मघाची 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक' वेगळी, ही वेगळी.) मधल्या भागात तेरा मात्रांचं आवर्तन आहे. त्याची बेसची ओळ सुचवली ब्रुफर्डने, म्हणजे ड्रमरने. त्यावर फ्रिप काय करतो? एकच सूर. दोन तारांवर आलटून पालटून तोच सूर, मग किंचित वर, पुन्हा तेच. कित्येक मिनिटं. गिटारवादकाने गिटारवादन जवळजवळ सोडून दिलं आहे, आणि तणाव असा वाढतो की खुर्चीत बसवत नाही. हा संयम 'ट्रिओ'तूनच आलेला आहे. पण त्याच रचनेची सुरुवातीची सुरावट मुळात क्रॉसची होती. कार्यक्रमांत तो ती व्हायोलिनवर वाजवायचा. अल्बमवर ती फ्रिपने थोडी बदलून गिटारवर घेतली. सुरावट राहिली, आवाज बदलला. अल्बम दुकानात यायच्या आधीच, सप्टेंबर १९७४ मध्ये, फ्रिपने बँड बंद केल्याचं जाहीर केलं.

आता थोडे प्रश्न घेऊ.

प्रश्न : शब्दच नाहीत तर अमुक रचना 'काहीतरी सांगते' हे आपण ठरवणार कसं? ते आपणच चिकटवत नाही का?

उत्तर : धोका आहे खरा. म्हणून आपण आज एकाही रचनेला 'ही दुःखाची', 'ही युद्धाची' असं म्हटलं नाही. रचनेत काय घडतं एवढंच बघितलं. कोण सुरू करतं, कोण थांबतं, कोणाचा आवाज कोणाखाली दबतो. हे चिकटवलेलं नाही, ते ध्वनिमुद्रणात आहे, कोणीही जाऊन तपासू शकतं.

प्रश्न : मग व्हायोलिन दबलं म्हणून 'रेड' कमी दर्जाचा ठरतो का?

उत्तर : नाही. तिन्हींत तोच सर्वांत एकसंध अल्बम आहे. पण एकसंध असणं आणि ऐकून घेणं या दोन गोष्टी एकच नाहीत, आणि पहिलीच्या कौतुकात दुसरीची किंमत विसरली जाते. १९८१ मध्ये फ्रिप आणि ब्रुफर्ड नव्या साथीदारांबरोबर परत आले, तेव्हाच्या अल्बमचं नाव 'डिसिप्लिन'. त्याच नावाच्या वाद्यरचनेत दोन गिटारी एकमेकींत गुंफलेले छोटे आकृतिबंध वाजवतात, ते हळूहळू एकमेकांपासून सरकतात आणि पुन्हा जुळतात. कोणीच पुढे नाही, कोणीच मागे नाही. आम्हाला असं वाटतं की १९७४ ला जे बिघडलं त्यावरचा तो विचारपूर्वक उपाय होता. फक्त आता कोणी कधी थांबायचं हे लिहून ठेवलेलं होतं. 'ट्रिओ'त ते लिहिलेलं नव्हतं.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी 'ट्रिओ', लगेच 'प्रॉव्हिडन्स'. दोन्ही मिळून १४ मिनिटांच्या आत होतात. हेडफोन लावा आणि दोन्ही वेळा फक्त व्हायोलिनचा माग काढा. पुढच्या वेळी आपण 'डिसिप्लिन' घेणार आहोत, तेव्हा तेही ऐकून या.